ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि पुण्याचे वेंकीज : चाहत्यांना नको असलेला मालक बदलत का नाही?

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या ब्लॅकबर्न या गावात पुण्याचे नाव घेतले की फुटबॉलप्रेमींच्या कपाळावर आठ्या पडतात. या गावाचा दीडशे वर्षांचा क्लब ‘ब्लॅकबर्न रोव्हर्स’ नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. या काळात क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, एकदा तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला आणि पुन्हा दुसऱ्या श्रेणीत येऊन थांबला. मालकांविरुद्ध घोषणा झाल्या, मोर्चे निघाले, बहिष्कार झाले, मैदानावर कोंबडीही सोडली गेली. तरीही मालक तेच आहेत.

चाहते इतके नाराज असताना क्लबची मालकी बदलत का नाही? मालक क्लबमध्ये पैसे ओतत असतील तर चाहत्यांची तक्रार नेमकी काय आहे? आणि इंग्लंडमधल्या नव्या कायद्याने यात काही फरक पडेल का?

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा कसला क्लब आहे?

रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ संस्थापक क्लबांपैकी हा एक. १८९० पासून इवूड पार्क हेच त्याचे घरचे मैदान आहे. एफए चषक या क्लबने सहा वेळा जिंकला, त्यातले पाच एकोणिसाव्या शतकात.

ब्लॅकबर्न हे कापड गिरण्यांचे गाव. याच भागातल्या शेजारच्या डार्वेनमध्ये १९३१ साली महात्मा गांधी गिरणी कामगारांना भेटायला गेले होते, कारण भारतातल्या विदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ तिथे पोहोचली होती. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि गावाची जुनी ओळख सांगणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या, त्यांत हा क्लब आहे.

क्लबचा अलीकडचा सुवर्णकाळ जॅक वॉकर यांच्या नावाशी जोडलेला आहे. वॉकर ब्लॅकबर्नचेच. पोलादाच्या व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती कमावली, व्यवसाय विकला आणि १९९१ मध्ये क्लब हाती घेतला. त्यांनी केनी डॅल्ग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणले. इंग्लंडमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. १९९२ मध्ये त्या वेळच्या विक्रमी रकमेला ॲलन शिअरर यांना घेतले आणि १९९५ मध्ये रोव्हर्स प्रीमियर लीगचे विजेते ठरले. वॉकर यांचे २००० मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे क्लब होता आणि ट्रस्टला योग्य खरेदीदार हवा होता. ब्लॅकबर्नचे चाहते आजही प्रत्येक मालकाला वॉकर यांच्या मापाने मोजतात, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा राग समजत नाही.

वेंकीज या व्यवहारात कसे आले?

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली. भारतात कुक्कुटपालनाला उद्योगाचे रूप देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. समूहाचे मुख्यालय पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश राव व बालाजी राव यांनी समूहाची धुरा सांभाळली.

१९ नोव्हेंबर २०१० रोजी ‘वेंकीज लंडन लिमिटेड’ या कंपनीने रोव्हर्सचे ९९.९ टक्के समभाग घेतले. किंमत होती सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. त्याशिवाय क्लबवरचे कर्जही नव्या मालकांनी आपल्या अंगावर घेतले. प्रीमियर लीगच्या क्लबची सूत्रे भारतीय कंपनीकडे जाण्याची ही पहिलीच वेळ होती. जगभर दिसणाऱ्या लीगमध्ये आपल्या नावाची जाहिरात होईल, हा हिशेब उघड होता. रोनाल्डिन्यो, बेकहॅम अशी नावेही चर्चेत आली.

मग बिनसले कुठे?

खरेदीला महिना व्हायच्या आत, १३ डिसेंबर २०१० रोजी, मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांना काढण्यात आले. संघ तेव्हा २० संघांत तेराव्या स्थानावर होता. त्यांच्या जागी प्रशिक्षक चमूतले स्टीव्ह कीन आले. मुख्य मॅनेजर म्हणून त्यांना अनुभव नव्हता. खरेदीच्या काळात मालकांना सल्ला देणाऱ्यांपैकी एक एजंट कीन यांचेही काम पाहत होता. त्यामुळे क्लबचे निर्णय नक्की कोण घेते, असा प्रश्न तेव्हापासूनच विचारला जाऊ लागला. काही महिन्यांत अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि इतर जुने पदाधिकारी बाहेर पडले. क्लब रोजच्या रोज चालवण्याचा अनुभव असलेली माणसेच उरली नाहीत.

२०११ मध्ये रोव्हर्सच्या खेळाडूंना घेऊन वेंकीजच्या चिकनची जाहिरात झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. पुण्यातल्या फुटबॉल रसिकांसाठी ती पर्वणी होती. पण तिकडे संघ गुणतालिकेत तळाशी होता आणि क्लब कोंबड्यांच्या जाहिरातीसाठी वापरला जातो आहे, अशी चाहत्यांची भावना झाली.

७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरल्याने रोव्हर्सची प्रीमियर लीगमधली सलग ११ वर्षे संपली. त्याच सामन्यात क्लबच्या रंगाचे कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानावर सोडण्यात आली. ते चित्र जगभर गेले आणि तेव्हापासून या वादाची ओळखच बनले.

त्यानंतरचा हंगाम आणखी विस्कळीत गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये कीन यांनी राजीनामा दिला. हेनिंग बर्ग ५७ दिवसांत आणि मायकेल ॲपल्टन ६७ दिवसांत गेले. बर्ग यांच्याशी तीन वर्षांचा करार झाला होता. त्यांनी उरलेल्या रकमेसाठी दावा लावला, तेव्हा असा करार करण्याचा आपल्या अधिकाऱ्याला अधिकारच नव्हता, अशी बाजू क्लबने मांडली. न्यायालयाने क्लबला सुमारे २२ लाख ५० हजार पौंड देण्यास सांगितले. क्लबमध्ये कोणाला कशाचा अधिकार आहे हे क्लबलाच ठाऊक नाही, हे या दाव्यात चव्हाट्यावर आले.

डिसेंबर २०१४ मध्ये खर्चाचे नियम मोडल्याबद्दल नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली. २०१६ मध्ये चाहत्यांनी स्थापनेच्या वर्षाचा आधार घेऊन आंदोलन केले : १८ व्या मिनिटाला मैदानात यायचे आणि ७५ व्या मिनिटाला बाहेर पडायचे. मे २०१७ मध्ये संघ केवळ गोलफरकाने मागे पडून तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रे यांच्या हाताखाली संघ पुढच्याच वर्षी वर आला आणि तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘चॅम्पियनशिप’मध्ये टिकून राहिला.

मालकांनी पैसे घातले नाहीत का?

घातले, आणि भरपूर घातले. इथेच हा वाद सरधोपट ‘कंजूष मालक’ या गोष्टीपेक्षा वेगळा ठरतो. २०१२ मध्ये खालच्या श्रेणीत गेल्यावरही मालकांनी जॉर्डन ऱ्होड्स या आघाडीवीरासाठी सुमारे ८० लाख पौंड मोजले. एकूण पाहता समूहाने आतापर्यंत क्लबमध्ये २० कोटींहून अधिक पौंड ओतले आहेत. आजच्या दराने ही रक्कम दोन हजार कोटी रुपयांच्या वर जाते. त्यातले बरेचसे पैसे आधी कर्ज म्हणून दिले गेले आणि नंतर त्याचे भागभांडवलात रूपांतर झाले, म्हणजे क्लबने ते परत करण्याची गरज उरली नाही.

चॅम्पियनशिपचे अर्थकारणच तोट्याचे आहे. प्रीमियर लीगला दूरचित्रवाणी हक्कांतून मिळणाऱ्या पैशाच्या मानाने इथला पैसा फारच थोडा. तरीही वर जाण्याच्या आशेने क्लब मोठे पगार देतात. सगळ्या क्लबांचे मिळून पगार एकूण उत्पन्नाहून जास्त, असे इथे अनेक हंगामांत घडले आहे. रोव्हर्सला वर्षाला कोटी-दोन कोटी पौंडांची तूट येते आणि ती मालक भरून देतात. त्यांनी हात आखडता घेतला तर काही महिन्यांत पगार अडकतील, हे चाहत्यांनाही माहीत आहे. मालकाने भराभर पैसे ओतावेत असेही नाही, कारण तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवण्याची नियमानुसार परवानगी नाही.

मग चाहत्यांची तक्रार नेमकी काय?

पहिली तक्रार अनुपस्थितीची. मालक कुटुंब इवूड पार्कवर क्वचितच दिसते आणि चाहत्यांशी थेट बोलत नाही. महत्त्वाच्या निर्णयांसाठी मॅनेजर पुण्याची वारी करतात. वॉकर त्याच गावात वाढलेले होते आणि लोकांना मैदानावर दिसत. हा फरक आकड्यांत मांडता येत नाही, पण लोकांना तो खुपतो.

दुसरी तक्रार दिशाहीनतेची. २०२२-२३ मध्ये संघ सातवा आला आणि प्रीमियर लीगच्या बढतीसाठीच्या प्ले-ऑफची जागा गोलफरकाने हुकली. त्याच हंगामात जानेवारीच्या शेवटच्या दिवशी लुईस ओब्रायन या मध्यरक्षकाची कागदपत्रे वेळेत न पोहोचल्याने व्यवहार फसला. वर्षभराने डंकन मॅग्वायर या आघाडीवीराच्या बाबतीत कागदपत्रांतल्या चुकीमुळे पुन्हा तेच झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ प्ले-ऑफच्या जागेवर असताना मॅनेजर जॉन युस्टेस तळाशी झगडणाऱ्या डर्बीकडे निघून गेले. तो हंगामही सातव्या स्थानावर संपला.

तिसरी तक्रार गुणवत्ता विकण्याची. क्लबची अकादमी इंग्लंडच्या सर्वोच्च दर्जाच्या अकादम्यांत गणली जाते. तिथेच लहानाचा मोठा झालेला, ब्लॅकबर्नचाच ॲडम व्हार्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसकडे गेला आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या युरो चषक संघात दिसला. आलेल्या पैशातून त्याची जागा भरून काढणारा खेळाडू मिळाला नाही, असे चाहत्यांचे म्हणणे. मे २०२५ मध्ये तर क्लबने आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला, कारण तिथे लागणारा किमान खर्च करण्याची तयारी नव्हती.

या सगळ्याला २०२३ पासून आणखी एक पदर आहे. सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे भारतातून क्लबला पैसे पाठवण्यासाठी समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाकडे जावे लागले आणि बँक हमीच्या अटीवर परवानगी मिळवावी लागली. ब्लॅकबर्नच्या एखाद्या खेळाडूचा पगार दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखेशी जोडला जावा, ही परिस्थिती क्लबच्या दृष्टीने धोक्याची होती. सगळा क्लब एका कुटुंबाच्या पैशावर उभा असला की काय होते, हे त्यातून दिसले.

याचा परिणाम प्रेक्षकसंख्येवर झाला. सुमारे ३१ हजार क्षमतेच्या मैदानावर प्रीमियर लीगच्या काळात सरासरी २५ हजारांच्या आसपास लोक येत. २०१६-१७ मध्ये ती सरासरी साधारण निम्म्यावर आली.

चाहते मालकाला हटवू शकतात का?

कायद्याने नाही. इंग्लंडमधले बहुतेक व्यावसायिक क्लब खासगी कंपन्या आहेत. ज्याच्याकडे समभाग, त्याचा निर्णय. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतदानाचे बहुमत सदस्यांकडेच ठेवण्याचा ‘५०+१’ हा नियम आहे. इंग्लंडमध्ये तसे काही नाही. ९९.९ टक्के समभाग एकाच कंपनीकडे असताना पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढणाऱ्या कुटुंबालाही सभेत एका मताचा अधिकार मिळत नाही. रोव्हर्सच्या चाहत्यांनी ‘रोव्हर्स ट्रस्ट’ ही सभासदांची संस्था उभी केली आहे. ती पाठपुरावा करते आणि चाहत्यांच्या मालकीचा आग्रह धरते, पण वर्षाला कोटी-दोन कोटी पौंडांची तूट भरणे वर्गणीच्या आवाक्यात नाही.

बहिष्काराचे हत्यार दुधारी आहे. तिकिटे घेतली नाहीत तर नुकसान मालकाआधी संघाचे होते. शिवाय तिकिटांपेक्षा मालकाचा पैसा मोठा असेल, तर रिकाम्या खुर्च्यांनी मालकावर येणारा दाबही मर्यादित राहतो.

विक्री कधी होते?

इतर क्लबांच्या उदाहरणांवरून तीन वाटा दिसतात. पहिली, मालकाला चांगली किंमत मिळते. न्यूकॅसलचे माइक ॲशली १४ वर्षे चाहत्यांच्या रागाचे धनी होते. त्यांनी २०२१ मध्ये क्लब सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाला सुमारे ३० कोटी ५० लाख पौंडांना विकला. तो व्यवहारही दीड वर्ष रखडला होता.

दुसरी, मालक हिस्सा विकतो पण सूत्रे सोडत नाही. मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबाविरुद्ध २००५ पासून आंदोलने झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांना सुमारे २७.७ टक्के हिस्सा मिळाला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे गेला, पण बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच राहिले.

तिसरी वाट सर्वांत वेदनादायक, मालकाचा पैसा संपण्याची. रेडिंगमध्ये पगार आणि कर थकले, गुण कापले गेले आणि २०२५ मध्ये क्लब विकला गेला. शेफील्ड वेन्सडे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि त्याचे १२ गुण कापले गेले.

ब्लॅकबर्न यांतल्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. मालकांकडे पैसा आहे आणि ते बिले भरतात, त्यामुळे विकण्याची सक्ती नाही. घातलेले २० कोटी पौंड दुसऱ्या श्रेणीतल्या, दरवर्षी तोटा करणाऱ्या क्लबसाठी कोणी परत देणार नाही, म्हणून विकण्याचा मोह नाही. विकले की तोटा कायमचा पक्का होतो. धरून ठेवले आणि संघ कधी प्रीमियर लीगमध्ये गेला तर क्लबची किंमत एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढते. खरेदीदारांच्या बातम्या अधूनमधून येतात, पण क्लब विक्रीला नाही, असेच मालकांच्या बाजूने सांगितले जाते. बिले भरत राहणारा नावडता मालक हटवणे हेच सर्वांत कठीण असते, हा या प्रकरणाचा सार.

नव्या कायद्याने काय बदलेल?

२०१९ मध्ये बरी या जुन्या क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली आणि २०२१ मध्ये बड्या क्लबांनी युरोपीय सुपर लीगचा घाट घातला. त्यानंतर चाहत्यांच्या हक्कांचा प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. ट्रेसी क्राउच यांच्या समितीच्या अहवालानंतर जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा मंजूर झाला आणि स्वतंत्र फुटबॉल नियामक अस्तित्वात आला.

पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींतल्या ११६ क्लबांना आता या नियामकाचा परवाना लागेल. त्यासाठी आर्थिक आराखडा द्यावा लागेल. नव्या मालकाची पात्रता आणि पैशाचा उगम तपासला जाईल. गंभीर शंका असेल तर सध्याच्या मालकाचीही तपासणी होऊ शकेल. मैदान विकण्याला नियामकाची संमती लागेल. बोधचिन्ह आणि घरच्या गणवेशाचा रंग चाहत्यांच्या पाठिंब्याशिवाय बदलता येणार नाही. महत्त्वाच्या विषयांवर चाहत्यांशी नियमित सल्लामसलत करणेही बंधनकारक असेल.

मात्र मालक अप्रिय आहे, संघ हरतो आहे किंवा चांगले खेळाडू विकले जात आहेत, एवढ्यावरून नियामक कोणाला बाहेर काढू शकत नाही. त्याचा अधिकार अपात्रतेवर आणि आर्थिक बेशिस्तीवर आहे. वेंकीजच्या बाबतीत दोन कलमे कामाची ठरू शकतात : मालकाच्या पैशाचा झरा आटला तर क्लब कसा तगेल याचा आराखडा द्यावा लागणे आणि चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागणे.

ब्लॅकबर्नमधले बरेच चाहते आता एवढेच मागतात की, विकायचे नसेल तर योजना सांगा, क्लबमध्ये निर्णय घेऊ शकणारी जाणकार माणसे नेमा आणि समोर येऊन बोला. या मागण्यांसाठी नवे कोट्यवधी पौंड लागत नाहीत. त्या मान्य झाल्या तर प्रीमियर लीग परत मिळेलच असे नाही, पण गाव आणि क्लब यांच्यातला दुरावा कमी होऊ शकेल. तोवर रोव्हर्सचा प्रत्येक हंगाम पुण्यातून येणाऱ्या पैशावर उभा राहणार आणि पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर सिंहगड रस्त्यावरच्या कार्यालयातच राहणार.